राजा नसलेला कळप

'द लायन किंग'मध्ये विल्डबीस्टांचा कळप उधळतो, तो प्रसंग पडद्यावर जेमतेम अडीच मिनिटांचा आहे. तो उभा करायला डिस्नेच्या पाच जणांच्या खास गटाला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. १९९४ साली चित्रपट आला, तेव्हापासून हा प्रसंग सिंहराजा मुफासाच्या मृत्यूचा प्रसंग म्हणून ओळखला जातो आणि त्यात चूक काही नाही. पण तो मृत्यू इतका जिव्हारी का लागतो, याचे उत्तर मला मुफासाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या अंगावरून धावणाऱ्या जनावरांत जास्त सापडते. इतकी वर्षे आपण त्या बापलेकांकडे बघत आलो आहोत. या वेळी कळपाकडे बघू.

प्रसंगाची सुरुवात पोरखेळाची आहे. मुफासाचा भाऊ स्कार याने पुतण्याला, म्हणजे सिंबाला, घळीत एका दगडापाशी बसवून ठेवले आहे. बाबा येतील, तोवर इथून हलायचे नाही. बसल्या बसल्या सिंबा एका सरड्यावर डरकाळी फोडून बघतो. आधी नुसतीच चिरकी निघते, आणि मग एक अशी जमते की तिचा घुमारा घळीच्या भिंतींवरून परत येतो. पोर खूश होते. तेवढ्यात त्याच्या पंजांपाशी बारीक खडे उडू लागतात. दिग्दर्शक रॉजर अ‍ॅलर्स आणि रॉब मिन्कॉफ यांनी ही दोन दृश्ये एकमेकांना खेटून ठेवली आहेत: डरकाळी, आणि लगेच हादरणारी जमीन. कळप तरसांनी उठवला आहे हे आपल्याला माहीत आहे, सिंबाला नाही. पुढे हा मृत्यू तुझ्यामुळेच झाला असे स्कार त्याला सांगतो आणि ते त्या पोराला क्षणात पटते, त्याचे बी मला वाटते इथेच पेरलेले आहे.

मग कड्यावर शिंगे दिसतात. आधी चार-दोन, मग कड्याची सगळी रेघच काळी होते आणि ती काळी रेघ उतारावरून खाली यायला लागते. कॅमेरा सिंबाच्या चेहऱ्यावर झेपावतो आणि त्याच वेळी मागची घळ ताणल्यासारखी दूर सरकते. हिचकॉकने १९५८च्या 'व्हर्टिगो'त केलेली ही करामत इथे चित्रांत उतरवली आहे. या सगळ्यात उताराचे दृश्य पुन्हा मागे नेऊन बघावे असे आहे. गर्दीतले एकच जनावर धरायचे आणि खालपर्यंत त्याच्याबरोबर उतरायचे. ते सरळ येत नाही. पुढच्याच्या पाठीवर आदळायला नको म्हणून जरा कचरते, शेजारी फट दिसली की तिच्यात घुसते, पुन्हा वेग घेते. त्याच्या बाजूचे दुसऱ्याच वळणाने येते. कोणाच्याही टापा दुसऱ्याच्या ठेक्यात पडत नाहीत. गर्दीची दृश्ये फसतात ती बहुधा याच ठिकाणी. एकाच जनावराच्या हजार नकला एकाच तालात पाय उचलू लागल्या की डोळ्याला कवायत दिसते, आणि कवायतीची भीती वाटत नाही.

ही जनावरेही मुळात नकलाच आहेत. विल्डबीस्ट संगणकात तीन मितींत घडवला, त्याच्या शेकडो प्रती काढल्या, आणि प्रत्येक प्रतीच्या वाटेत थोडा थोडा अनियमितपणा मिसळला. शेवटी त्या त्रिमित देहांवर सपाट रंग आणि बाहेरची रेषा अशी चढवली की ते हाताने काढलेले वाटावेत. सिंबा आणि मुफासा पेन्सिलीतून उतरले आहेत, कळप यंत्रातून, आणि दोघांची रेषा एकच आहे. २०१९च्या नव्या आवृत्तीत हाच प्रसंग खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या केसाळ, धुळकट जनावरांसह पुन्हा केला. कारागिरी थक्क करणारी आहे, तरी मला जुना कळप जास्त भिववतो. जुन्यात प्रत्येक जनावराचा आकार स्पष्ट कापलेला असतो, त्यामुळे एकेकाची हालचाल वाचता येते. नव्यात धूळ आणि केस इतके आहेत की एकेकटा दिसतच नाही, दिसतो तो नुसता लोट.

आता त्या जनावरांची नजर बघा. एकही सिंबाकडे बघत नाही. शिंगे कोणावर रोखलेली नाहीत. सिंबा वाळक्या झाडाला लोंबकळतो तेव्हा कळप खोडापाशी दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा जुळतो. त्यांच्या लेखी ते झाड आणि त्यावरचे पिल्लू ही वाटेतली एक अडचण आहे, एवढेच. ती स्वतःच घाबरलेली आहेत, मागे तरस लागले आहेत, आणि प्रत्येकाला कळते आहे ते फक्त पुढच्याचे ढुंगण आणि शेजाऱ्याची कुशी. या कळपात खुनशी कोणी नाही. म्हणूनच तो इतका भयंकर आहे. सिंह हा राजा, पण त्याच्या राज्यातल्या या शेकडो जीवांना त्या क्षणी राजा दिसतच नाही.

अशा कळपाचा विचार ज्याने आधी नीट मांडला, त्याच्याकडे वळायला हवे. क्रेग रेनॉल्ड्स हा तेव्हा सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीत काम करत होता. १९८७च्या जुलैत अ‍ॅनाहाइमला संगणक-चित्रांची सिग्राफ परिषद भरली, तिथे त्याने 'फ्लॉक्स, हर्ड्स अँड स्कूल्स' हा निबंध सादर केला. शास्त्रीय निबंध असूनही तो वाचताना निरीक्षण करणाऱ्या माणसाचा स्वर सतत कानावर येतो. त्याचा प्रश्न साधा होता. थव्यातल्या प्रत्येक पक्ष्याची वाट अ‍ॅनिमेटरने हाताने आखायची, तर काम कधीच संपणार नाही आणि एक वाट बदलली की सगळ्या बदलाव्या लागतील. मग वाटा आखायच्याच कशाला? पक्ष्याला तीन सवयी लावायच्या. शेजाऱ्याला धडकायचे नाही. शेजाऱ्यांच्या दिशेने आणि त्यांच्याच वेगाने जायचे. शेजाऱ्यांच्या मधोमध राहायला बघायचे. आपल्या या काल्पनिक पक्ष्याला त्याने 'बॉइड' असे नाव दिले. बाकी थवा आपोआप होतो.

या निबंधात मला सगळ्यात आवडते ती त्याने सांगितलेली फसगत. सुरुवातीला त्याने बॉइडला अख्ख्या थव्याचा मध्य कळेल अशी सोय केली होती. झाले असे, की दूरदूर विखुरलेले सगळे बॉइड एकदम एकाच बिंदूकडे धावत सुटले. खरे पक्षी असे कधी करत नाहीत. मग त्याने प्रत्येकाचे ज्ञान कमी केले. स्वतःभोवतीच्या थोड्या अंतरात जे असतील तेवढेच शेजारी, त्यांच्यापुरताच मध्य. आणि मग खांब आडवा आला की थवा दोन्ही बाजूंनी फुटून पुढे पुन्हा एक होऊ लागला. थव्याचा मध्य ठाऊक असलेल्या पक्ष्याला हे जमले नसते, कारण त्याने मध्यासाठी खांबाकडेच ओढ घेतली असती. शहाणपण काढून घेतल्यावर थवा जिवंत झाला, हा त्या निबंधाचा गाभा आहे. घळीतला कळप सिंबाच्या झाडापाशी दुभंगतो तेव्हा मला हाच खांब आठवतो.

आणखी एक जागा. तीन सवयी एकमेकींशी भांडू लागल्या तर काय करायचे? सोपा उपाय म्हणजे सगळ्यांची सरासरी काढायची. रेनॉल्ड्स तो नाकारतो आणि का, ते उंच इमारतींच्या शहराचा दाखला देऊन सांगतो. सरळ गल्ल्यांमधून उडताना उत्तरेला जाणे ठीक, पूर्वेला जाणेही ठीक, पण दोन्हीची सरासरी काढून ईशान्येला निघालात तर भिंतीवर आपटाल. म्हणून सवयींना क्रम लावायचा. आधी जीव वाचवायचा, वेग जुळवायचा तो नंतर. भ्यालेल्या जनावराचा क्रम नेमका हाच असतो.

यंत्राच्या मर्यादाही त्याने लपवलेल्या नाहीत. ८० बॉइडांच्या थव्याची एक फ्रेम काढायला सुमारे ९५ सेकंद लागत. दहा सेकंदांच्या हालचालीसाठी ३०० फ्रेमा, म्हणजे जवळजवळ आठ तास. एवढे थांबून शेवटी तो थवा उडताना बघायला मिळायचा. निबंधाच्या शेवटी आभार मानताना रेनॉल्ड्सने थवे, कळप आणि माशांच्या झुंडी अस्तित्वात आहेत याबद्दल त्यांचेही आभार मानले आहेत. आठ तास यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाचे हे आभार मला अगदी खरे वाटतात.

हा निबंध आपल्याकडच्या आकाशावरही पडताळून बघता येतो. हिवाळ्यात सोलापूरकडे ज्वारी भरू लागली की भोरड्या येतात. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांवर उतरण्याआधी त्यांचे हजारोंचे थवे आकाशात वळत राहतात. मध्येच थवा गडद होतो, मध्येच विरळ, आणि वळण एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकापर्यंत पोचते. या थव्याला पुढारी नसतो. वळण शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकते. रोमच्या आकाशातल्या त्यांच्या भाऊबंदांची, म्हणजे युरोपीय मैनांची, इटालियन शास्त्रज्ञांनी एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांतून छायाचित्रे घेतली. पुढे २०२१चे नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसीही त्या गटात होते. २००८ साली त्यांनी दाखवले की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवर लक्ष ठेवतो, मग ते शेजारी हातभर अंतरावर असोत की बरेच लांब. रेनॉल्ड्सने शेजार अंतराने मोजला होता, पक्षी तो संख्येने मोजतात. म्हणूनच ससाणा घुसून थवा विरळ झाला तरी तो विस्कटत नाही, कारण लांब गेलेला शेजारी शेजारीच राहतो. निरीक्षणाने एका सुंदर कल्पनेत एवढीच दुरुस्ती केली, आणि त्यामुळे ती जास्तच सुंदर झाली असे मला वाटते.

पुन्हा घळीत येऊ. डिस्नेचा प्रोग्राम त्यांचा स्वतःचा होता. रेनॉल्ड्सच्या पद्धतीची मोठ्या पडद्यावरची पावती त्याआधीच मिळाली होती. १९९२च्या 'बॅटमन रिटर्न्स'मधली वटवाघळे आणि पेंग्विनांच्या पलटणी तिच्यावरच हलल्या होत्या. पण 'लायन किंग'ने जे केले ते तिथे नव्हते. इथे कळपाच्या चालीला गोष्टीत अर्थ मिळाला.

मुफासा कळपात उडी घेतो तेव्हा आधी त्यांच्याच दिशेने धावतो. राजा असूनही त्याला प्रवाहातलाच एक व्हावे लागते. झाडाची फांदी तुटून सिंबा हवेत उडतो, मुफासा त्याला तोंडात झेलतो, आणि मग त्याला धक्का बसून पोर पुन्हा खाली पडते. इथून पुढे मुफासाची हालचाल कळपाच्या उलट आहे. कोणताही शेजारी जे करत नाही ते तो करतो. थांबतो, मागे वळतो, आडवा जातो. पटावर शेकडो देह एका दिशेला आणि एकच देह दुसरीकडे. बापाची माया दाखवायला दिग्दर्शकांना वेगळे काही करावेच लागत नाही, ती त्या दिशेत आहे. पोराला कपारीवर ठेवून होते ना होते, तोच कळप मुफासाला ओढून नेतो. सिंबा बघतो, आपणही बघतो, आणि काही क्षण पडद्यावर फक्त वाहणाऱ्या पाठी असतात. मग एकदम मुफासा त्या पाठींमधून वर उसळतो आणि कड्याला पंजे लावतो. ही उसळी इतकी मोठी वाटते, कारण आधीच्या त्या क्षणांत कळपाने त्याला पूर्ण गिळले होते. कळपात वेगळे दिसणारे काहीच उरत नाही, हे आपल्याला पटलेले असते.

त्यानंतर स्कार त्याला कड्यावरून पुन्हा कळपात लोटतो, ते सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात दिसतो तो कळपाचा उपयोग. स्कारला असे हत्यार हवे होते ज्यावर कोणाचाही हात सापडणार नाही. शेकडो निरपराध जिवांच्या टापांपेक्षा चांगले हत्यार कुठे मिळणार? कळपाला काही माहीत नसणे, हीच त्याच्या कटाची भिस्त आहे. मग धूळ बसते. सिंबा हाका मारत फिरतो, काहीतरी येताना ऐकू येते, आशेने तो वळतो, आणि धुरळ्यातून एकच मागे राहिलेला विल्डबीस्ट धावत निघून जातो. आत्तापर्यंत जो नुसता आकडा होता तो पहिल्यांदा एकटा दिसतो. चुकलेले, बावरलेले जनावर. याने कोणाला मारले असेल असे त्याच्याकडे बघून वाटतच नाही. चित्रपटातल्या अनेक थोर जागांपेक्षा ही दोन सेकंदांची जागा मला मोठी वाटते.

संगणकापूर्वी गर्दी हवी असेल तर गर्दीच बोलवावी लागे. रिचर्ड अ‍ॅटनबरोंनी 'गांधी'मधल्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण ३१ जानेवारी १९८१ रोजी, खऱ्या अंत्ययात्रेच्या तारखेला, दिल्लीत केले आणि ३ लाखांहून अधिक माणसे जमली. पडद्यावर ते दृश्य दोन मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कळपाएवढेच. त्या गर्दीला नियम शिकवावे लागले नाहीत, कारण येणारा प्रत्येक जण आपले कारण घेऊन आला होता. ते दृश्य बघताना लक्षात राहते ती माणसांची नजर. सगळ्या माना एकाच गोष्टीकडे वळलेल्या. बॉइडला शेजारी असतात, पण बघण्यासारखे समोर काही नसते.

नजरेचा हा प्रश्न न्यूझीलंडच्या स्टीफन रेगेलसने हाती घेतला. पीटर जॅक्सनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स'साठी त्याने 'मॅसिव्ह' हा प्रोग्राम रचला. त्यातल्या प्रत्येक सैनिकाला स्वतःपुरते दिसते, ऐकू येते, आणि समोर शत्रू आहे की जमीन चढती आहे हे पाहून तो शेकडो तयार हालचालींतली एक निवडतो. सुरुवातीच्या एका चाचणीत दोन फौजा भिडल्या आणि मागचे काही सैनिक रणांगण सोडून पळताना दिसले. यंत्रातले शिपाई भ्याले, अशी आख्यायिका त्यातून झाली. रेगेलसने खुलासा केला तो जास्त रोचक आहे. त्यांची तोंडे उलट्या दिशेला होती, शत्रू दिसत नव्हता, म्हणून ते शत्रू शोधत धावत सुटले होते. लांबून बघणाऱ्याला जे भय वाटले ते प्रत्यक्षात न दिसणे होते. गर्दीबद्दल आपण जे मनाने भरून घेतो, त्याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरीकडे मिळालेला नाही. पेलेनोरच्या मैदानावर रोहनचे ६,००० घोडेस्वार चालून येतात, तो हल्ला मी पुन्हा पुन्हा बघतो. त्यात पडणाऱ्या घोड्याला मागचा चुकवून जातो आणि रांग तेवढ्यापुरती वाकून पुन्हा सरळ होते. हेल्म्स डीपची १०,००० उरुक-हायची फौज मात्र मला तेवढी भिडत नाही. ती भव्य आहे, पण तिच्यातला कोणीही काही चुकवत नाही, सगळे ठरल्याप्रमाणे भिंतीकडे येतात.

डिस्नेने मात्र कळपानंतर दोनच वर्षांत माणसांकडे मोर्चा वळवला. १९९६च्या 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मध्ये पॅरिसच्या चर्चपुढच्या चौकात जत्रा भरते. लांबच्या दृश्यांतली हजारोंची गर्दी संगणकाने केलेली आहे, जवळचे चेहरे हाताने काढलेले. मूर्खांच्या जत्रेत ही गर्दी क्वासिमोदोला राजा करते, खांद्यावर घेऊन मिरवते. मग एक शिपाई त्याला टोमॅटो फेकून मारतो. दुसरा मारतो. शेजाऱ्याने मारला म्हणून शेजारी मारतो, आणि थोड्या वेळापूर्वी जयजयकार करणारा चौक त्याला दोराने बांधून घालतो. नियम तोच आहे: शेजारी जिकडे, तिकडे आपण. विल्डबीस्टांत तो नियम निष्पाप होता. इथे तो पाप आहे, कारण या प्रत्येकाला क्वासिमोदोचा चेहरा दिसतो आहे. विल्डबीस्टाला सिंबा कळतच नव्हता.

मग एस्मेराल्डा गर्दीतून निघून मंचावर चढते. मुफासासारखीच ती प्रवाहाच्या उलट चालते, फक्त इथे प्रवाह तिला ओढून नेत नाही, थांबतो. या थांबण्याच्या क्षणी दिग्दर्शकांनी कॅमेरा लांबच्या गर्दीवर ठेवला नाही, जवळच्या, हाताने काढलेल्या चेहऱ्यांवर आणला. शेजाऱ्यासारखे वागणे १९९६च्या प्रोग्रामला येत होते, ओशाळणे येत नव्हते. ते काम पेन्सिलीकडे दिले, हे योग्यच झाले.